ट्रकमागं पळणारी पोर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कौसाच्या वडिलांना नाही, माझ्या पाठच्या बहिणीला नाही, देवापुढंसुद्धा नाही — देवापुढं तर मी उलट जास्तच गप्प बसते. आज तुमच्यापुढं बोलते आहे. मधेच आडवाटेला गेले तर जाऊ द्या. भीती वाटायला लागली की मला आडवाट बरी वाटते.

कौसा माझी थोरली. चुडाव्याला उतरून चालत जावं असं आमचं गाव. ती शाळेत जायची ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. गावोगाव तापलेलं, दिवस मावळायच्या आत माणसं दारं लावून घ्यायची. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "लय भेव वाटायलंय गं बाहेर." मीपण मान हलवायची. पण खरं सांगू? मला बाहेरचं भेव नव्हतं. मला घरातल्या माझ्याच पोरीचं भेव वाटायचं.

कशी सांगू तुम्हाला ती कशी होती! सकाळी गळ्यात पडायची — "माय, तुझ्यासारखं कुणीच न्हाई." दुपारी मी शेजारणीशी जरा हसून बोलले की तीच पोर ताट भिरकावून म्हणायची, "तू माझी वैरीण हायस." आणि दिवेलागणीला पाय धरून रडायची — "मला टाकू नको." अगं, टाकतंय कोण तुला? पण मला नदीवरून यायला उशीर झाला, की ती बांगडी फोडून काचेनं हातावर ओरखडे काढून बसलेली असायची. मग मी तिच्या बांगड्याच काढून ठेवल्या. बाया विचारायच्या, कुवाऱ्या पोरीचे हात उघडे का गं? मी म्हणायची, कासाराकडं तिच्या मापाच्या मिळंनात. बघा — खोटं बोलायची सवय तेव्हापासूनची.

कुणी म्हणालं बाहेरचं हाय, कुणी म्हणालं भानामती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लिंबू उतरवलं, अंगारा लावला. कौसा निमूट लावून घ्यायची आणि मला हळूच विचारायची, "आता तर टाकणार न्हाईस ना?"

दिवाळी झाली की आम्ही ऊसतोडीला जायचो. कौसा संगं असायची. फडात जिकडंतिकडं कोयते. एकदा मोळ्या वाहता वाहता मला उशीर झाला. परत आले तर ती आमच्या कोपीच्या, पाचटाच्या झोपडीच्या दारात बसलेली, मांडीवर कोयता, आणि माझ्याकडं बघून हसत होती. काही केलं नव्हतं तिनं. नुसती बसली होती. पण त्या दिवसापासून रोज सकाळी डोळा उघडला की आधी कोयते मोजायचे, मग चूल.

पुढच्या साली ठरवलं, तिला आत्याबाईंपाशी ठेवायचं. कोयत्याचं भेव हेच कारण मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मला तिच्यापासून सुटायचंही होतं — चार महिने कुणी "टाकू नको" म्हणणार नाही असे हवे होते. हे नाही सांगितलं कुणाला.

आता लेकरं म्हाताऱ्यांपाशी ठेवणं काही नवं नाही. आणि निघताना त्यांना सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. सांगितलं की रडतात. म्हणून कुणाला दुकानाला धाडायचं, कुणाला ढोरामागं, आणि गपचूप ट्रकमध्ये बसायचं. सगळ्याच करतात. पण सगळ्यांची लेकरं कौसासारखी नव्हती — आणि हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी आदल्या दिवशी मी तिला म्हणाले, "तू येणार हायस संगं, तुझी वाकळ बांधून ठेव." तिनं बांधली. मग ऐन वेळी मी तिला आजीची मिश्री आणायला दुकानाला पाठवलं.

ट्रक गच्च भरलेला. शेरडं, कोंबड्या, भांडी, माणसं. मी सगळ्यात मागं, फाळक्याला टेकून; कौसाचे वडील पुढं ड्रायव्हरपाशी, बाकीची माणसं सामानाआड. वेस ओलांडली आणि धुरळ्यात ती दिसली. अनवाणी, डोक्यावर वाकळ. ओरडत होती — "माय, मी ऱ्हायले! अगं मी ऱ्हायले!"

तिला वाटलं आम्ही विसरलो. टाकलं, असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं अजून.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. ट्रक अजून हळू चालला होता, पत्र्यावर थाप मारली असती तरी थांबला असता. माझ्या शेजारी गयाबाई बसलेली, पल्याडच्या गावची, आमची पोरं तिच्या ओळखीची नव्हती. तिनं मान वळवली.

"वैनी, ते कोणाचं पोरगं पळायलंय गं?"

आणि मी म्हणाले, "असंल कोणाचं तरी."

मग पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण हे अर्धंच आहे.

ऊस संपवून परत आलो तर कौसा रडली नाही. एवढंच म्हणाली, "माय, तू मला बघितलं होतंस." मी म्हणाले, "न्हाई गं बाई, मी झोपले होते. तुला भास झाला." ती म्हणाली, "तू डोळ्यांवर पदर घेतलास." मी म्हणाले, "भासच तो." ती विचारत राहिली, मी तेच म्हणत राहिले. आणि तिनं दुसऱ्या कुणाला सांगू नये — सांगितलं तरी कुणाला खरं वाटू नये — म्हणून मी आधीच सगळीकडं बोलून ठेवलं, कौसाला भास होतात.

ते बोलणं तिच्या आधी सगळीकडं पोचायचं. सेलूला दिली तिला. तिकडून निरोप आला, सासू खोलीत कोंडून ठेवती. मी तिच्या वडिलांना म्हणाले, "भास असंल तिचा." ते कापूस घेऊन सेलूला गेले तेव्हा सहज डोकावले, तर कडी बाहेरून लावलेली. ते तिला घेऊनच आले. तेव्हा तरी बोलावं की नाही मी?

मग परभणीला, मनाच्या आजाराच्या डॉक्टरांकडं. भले माणूस. म्हणाले, "आपल्याला दुःखाची धग लागते ती चुलीपासून हातभर लांबून, बाई, ही चुलीतच बसलीय. तिला रागावून काय उपयोग? जायचं तर सांगून जा, म्हणाल त्याच वेळेला परत या. रडली तर नुसत्या जवळ बसा. आणि खोटं बिलकूल बोलू नका." तेवढ्यात कौसा म्हणाली, "डॉक्टर, लहानपणी मी एक बघितलं. माय म्हणती भास होता. तुमीच विचारा तिला. ती सांगल ते मी मान्य करते."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. आता ती मला काय म्हणेल, बापाला सांगेल, पुन्हा कधी माय म्हणेल का — हीच भीती, दुसरी नाही. तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

मी म्हणाले, "होतात तिला भास. लहानपणापासून."

डॉक्टरांनी भासाच्या गोळ्याही लिहून दिल्या. येताना एसटीत तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "बरं झालं माय. म्हंजे तू तसं केलंच न्हाईस."

डॉक्टरांनी सांगितलेलं बाकी सगळं मी पाळलं. सांगून जाते, वेळेत येते, जवळ बसते. तिला गुणही आला. ताट भिरकावत नाही, हात कोरे आहेत. पण आता ती स्वतःच्या डोळ्यांवर इतबार ठेवत नाही. दारात कुणी आलं की मला विचारते, "माय, खरंच कुणी उभं हाय का, का मलाच दिसायलंय?" मी हो म्हटलं की मग दार उघडते. माझ्या हो-नाहीवर तिचं जग चालतं — आणि मला दिवसाउजेडी अंगावर काटा येतो.

तिची नजर साफ आहे. तिनं बघितलं ते खरं होतं. भासाच्या त्या गोळ्या ती अजून घेते. पाण्याचा तांब्या मीच भरून देते.