बाबलीचा कुलूपबंद दर्या

बाबलीच्या घरात कुलूप एकाच खोलीला होतं. सावित्रीच्या पाटल्या पिठाच्या डब्यात पडून असत, कोंबड्या रात्रभर उघड्यावर फिरत, मागचं दार तर वाऱ्यानेच उघडायचं आणि वाऱ्यानेच लागायचं. पण पडवीला लागून असलेल्या त्या अंधाऱ्या खोलीला दांडगं कुलूप, आणि किल्ली बाबलीच्या करगोट्याला. आत काय, तर जुना कॉम्प्युटर. बायकोला त्या खोलीचा केर काढायचा झाला तरी नवरा दारात उभा.

हा बाबली मच्छीमार. मालवणच्या उत्तरेला खाडीच्या तोंडाशी त्याची वाडी. समुद्राच्या तळाशी जिथे खडक असतो तिथे मासळी थारा धरते, आणि ती जागा ज्याला ठाऊक त्याचं जाळं भरतं. बापाच्या काळी या जागा डोक्यात असत. आता होडीवर छोटं मशीन असतं. ते उपग्रहावरून आकडे घेतं, जागेला नाव दिलं की लक्षात ठेवतं. सोय मोठी, पण एकदा बाबलीचा एक खलाशी भांडून शेजारच्या जितेंद्रच्या होडीवर गेला आणि जाताना तीन चांगल्या जागा घेऊन गेला. त्या दिवसापासून बाबलीने जितेंद्रशी बोलणं टाकलं आणि मशीनवर विश्वास ठेवणंही टाकलं.

मग त्याने पद्धतच पाडली. सगळ्या जागा घरच्या कॉम्प्युटरमध्ये. निघताना त्या दिवसापुरत्या एक-दोन मशीनमध्ये घ्यायच्या, आणि परतताना होडी खाडीत शिरायच्या आधी पुसून टाकायच्या. खलाशी उतरायच्या आत मशीन कोरं. एवढी काळजी सरकारी खजिन्याचीसुद्धा कोणी घेत नसेल.

आणि त्या कॉम्प्युटरची बडदास्त! खारा वारा लागू नये म्हणून होडीवरची जाड ताडपत्री त्याच्या अंगावर, वर सावित्रीचं जुनं लुगडं. स्क्रूंना गंज चढू नये म्हणून खोबरेल तेलाचं बोट. किडामुंगी जाऊ नये म्हणून डब्याच्या फटीतून आत डांबरगोळ्या. ते बिचारं यंत्र ताडपत्रीखाली तापून हाशहूश करायचं आणि हा म्हणायचा, "बघ, उबेत कसा बरा चलता."

सावित्रीला या सगळ्याचा वीट आला होता. ती मालवणच्या बाजारात मासे विकते, तिच्या शेजारच्या पाटीवर जितेंद्रची बायको बसते, आणि दोघी सकाळभर बोलतात. नवऱ्यांचं वैर पाटीपर्यंत आणायला त्यांना वेळ नव्हता.

पण त्या कॉम्प्युटरमध्ये एक जागा अशी होती की तिच्यावरून सावित्रीही गप्प व्हायची. ती शंकरची. शंकर बाबलीचा धाकटा भाऊ. जितेंद्रशी बोलणं होतं त्या काळी, परतीच्या पावसातल्या वादळात त्याची होडी बुडाली. सगळी वाडी शोधायला निघाली. तळाशी होडी लागली, शंकर काही मिळाला नाही. किनारा दिसेनासा होतो तिथून बरंच पुढे ती जागा आहे, मशीनशिवाय सापडणं शक्य नाही. दरवर्षी नारळी पौर्णिमेला म्हातारी हौसाबाई, म्हणजे या दोघांची आई, हळदकुंकू लावून एक नारळ वेगळा काढते. बाबली तो घेऊन जातो, त्या जागेवर सोडतो. तो परत आला की म्हातारी पडवीतून एकच विचारते, "गावलो?" म्हणजे सापडला का, आणि बाबली म्हणतो, "गावलो." मग ती जेवते.

गेल्या चतुर्थीला मुलगी प्राजक्ता ओरोसहून सुट्टीला आली, तेव्हा कॉम्प्युटर टकटक करत होता. ती तिथे सरकारी कचेरीत कामाला आहे, दिवसभर कॉम्प्युटरवरच असते. तिने कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. तिने डिस्क तपासायचा प्रोग्राम लावला. पडद्यावर पिवळी खूण आली.

"बाबा, हो आवाज बरो नाय. डिस्क जावक इली. आजच्या आज सगळ्याची कॉपी काढूया. एक हयसर ठेवा, एक माझ्याकडे दिया, मी ओरोसाक ठेवतंय."

"ओरोसाक? मगे गावात दवंडीच पिट ना!"

"ही पिवळी खूण बघा. बंदरार वादळाचो तीन नंबरचो बावटो लागलो समजा."

"तीन नंबराच्या बावट्यात मी कितीदा जावन इलंय. तू माका बावटे शिकवू नको."

त्याने डब्यावर तळवा ठेवला, होडीच्या इंजिनावर ठेवतो तसा, आणि मान डोलावली. "टकटक करता म्हणजे चलता आसा. गप झाला तर भियाचा."

सावित्रीला राहवेना. "इंजिनाचो आवाज बदललो तर अर्ध्या वाटेतसून परत येतास. आणि हेचो बदललो तर मान डोलयतास!"

तो ऐकणाऱ्यातला नव्हताच. सुट्टी संपली, प्राजक्ता हात टेकून ओरोसच्या एसटीत बसली.

यंदा पावसाळ्यात मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, खोली कुलपात. नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी बाबलीने कुलूप काढलं, लुगडं काढलं, ताडपत्री काढली, बटण दाबलं. पंखा फिरला. टकटक मात्र नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिथेच राहिली. त्याने चार वेळा बंद करून चालू केलं, मग डब्यावर तळवा ठेवून पाहिला.

डबा मांडीवर घेऊन दोघं एसटीने कुडाळला गेली. दुकानदाराने झाकण उघडलं तर आतून डांबरगोळ्या घरंगळत टेबलाखाली गेल्या. त्याने सावित्रीकडे पाहिलं. जसं काही तिनेच घातल्या! डिस्क तपासून तो म्हणाला, "काका, आत चकतीवर ओरखडे पडलेत. आवाज येत होता ना? तेव्हा आणला असता तर कॉपी तरी निघाली असती. आता यातून काही मिळणार नाही."

परतताना घराजवळ आल्यावर बाबली म्हणाला, "आयेक सांगूचा नाय. नारळ खंयतरी सोडतंय. दर्यो काय, एकच आसा."

सावित्री रस्त्यातच थांबली. माशांच्या जागा गेल्या, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पण त्या म्हातारीच्या तोंडावर हा उद्या खोटं "गावलो" म्हणणार, आणि ती त्यावर जेवणार, हे तिला सहन होईना.

"दर्यो एकच? मगे इतकी वर्षां तो कुलपात कित्या ठेवलास? जावा, जितेंद्राक विचारा. शंकराक शोधूक तो तुमच्या वांगडा इललो."

"इतक्या वर्षांत कोण तो जागो ठेवता? आणि तेच्या दारात मी जावचंय नाय."

"नका जाव. मी जातंय."

जितेंद्र पडवीत जाळं विणत बसला होता. सावित्रीने बसायचीही वाट पाहिली नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं: कॉम्प्युटर, डांबरगोळ्या, कुडाळ, उद्याचा नारळ. जितेंद्र हसला नाही. आत जाऊन त्याने मशीन आणलं, चालू केलं. जागांची यादी आली. सगळ्यात वर एकच नाव होतं.

"हो बघ, वैनी. शंकर."

"तुझ्याकडे अजून कसो रवलो?"

"माझ्याकडेच कित्या? वाडीत खंयच्याय होडयेर चढ आणि बघ. कोणी नवीन मशीन घेतल्यान काय पयलो हो जागो घालतत, मगे बाकीचे. थंय कोण जाळा टाकणा नाय."

"आणि आमच्या ह्यांका कोणी सांगलास नाय?"

"तो आमच्याकडे बघणा नाय. सांगतलो कोण?"

सावित्रीला भडभडून आलं, आणि रागही इतका आला की आधी काय करावं ते कळेना. ती जाळ्याशेजारी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग उठून घरी गेली, नवऱ्याच्या हातातून होडीवरचं मशीन ओढून घेतलं, आणि जितेंद्रकडून ते आकडे घालून आणून त्याच्यासमोर आपटलं. कुठून आणले, कोणाकोणाकडे आहेत, सगळं सांगितलं. बाबली खाली मान घालून ऐकत राहिला. तिला वाटलं, आता काहीतरी उलटं बोलेल. त्याने मशीन उचललं आणि होडीवर नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेसाठी प्राजक्ता आली होती. होडी दुपार कलल्यावर परत आली. सावित्रीने किनाऱ्यावरूनच पाहिलं: खाडीच्या तोंडाशी होडी नेहमीसारखी रेंगाळली नाही. दरवेळी तिथे मशीन पुसायला बाबली खाली वाकायचा. आज तो सुकाणूशी सरळ उभा होता.

तो घरी आला. म्हातारीने पडवीतून विचारलं, "गावलो?"

बाबली पायरीवर बसला.

"गावलो गे आये. सगळ्यांनी राखललो. माझ्याकडेच हरवललो."

म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती जेवायला उठली. बाबलीने मशीन प्राजक्ताच्या हातात दिलं. "हेच्यो कॉप्यो काढ. एक ओरोसाक ने."

सावित्रीच्या जिभेवर कितीतरी वर्षांचं आलं होतं. तिने ते गिळलं आणि ताटं मांडायला घेतली.