मशीनला कॅलेंडर वाचता येत नाही

नवीन गाडी घेताना आमच्या घरात दोनच निर्णय घ्यायचे होते. रंग कोणता, आणि मेन्टेनन्स पॅक घ्यायचा की नाही. रंग बायकोनं ठरवला. तो अजून चांगला आहे.

पॅक म्हणजे तीन वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे आधीच भरून टाकायचे. मग ऑइल, फिल्टर, मजुरी, कशालाच खिशात हात घालायचा नाही. शोरूमच्या मुलीनं हे इतक्या गोड हिंदीत सांगितलं की मी पेनच काढलं.

"अजी, कावून घेता?" वंदनानं (म्हणजे बायकोनं) माझी बाही ओढली. "आपली गाडी जाऊन जाऊन जाईन कुठं? सेक्टरातल्या घरून सिविक सेंटरच्या बाजारात! त्याच्यापेक्षा मागचं दिसते तो कॅमेरा बसवून घ्या. तुमाले रिव्हर्स येत नाही."

परक्या मुलीसमोर हे! मी भिलाईच्या स्टील प्लान्टच्या मेन्टेनन्समध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस. (तिथं रिव्हर्सचा कधी संबंध आला नाही.)

"एकही सर्व्हिस वाया जाऊ देणार नाही," मी म्हणालो. "शब्द आहे आपला."

सही झाली. कॅमेरा राहिला.

घरी येऊन पुस्तिका वाचली. पहिली सर्व्हिस एका वर्षानं किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी होईल ते. यातलं 'एक वर्ष' मी वाचलं आणि सोडून दिलं. आमच्याकडे मशीनची देखभाल ठरायची ती किती तास चालली यावरून. तारखा ऑफिसवाल्यांसाठी असतात!

पाच महिन्यांनी मीटर पाहिलं आणि घाम फुटला. अकराशे! या चालीनं दहा हजार व्हायला जवळजवळ चार वर्षं लागणार, आणि पॅक तर तीनच वर्षांचा.

मग मी गाडीला किलोमीटर चारायला सुरुवात केली. कोथिंबीर घराजवळ मिळते, ती पावर हाउसच्या बाजारातून आणू लागलो. हवा भरायला पार सुपेला चौकात. शेजारच्या रामटेक्यांना (रेल्वेतून रिटायर) गुडघा दाखवायला दुर्गच्या डॉक्टरकडे नेऊ लागलो.

"अजी, गुडघा बरा झाला आता!" ते तिसऱ्या खेपेला कळवळून म्हणाले.

"असू द्या. बरा झालेला दाखवून येऊ."

नागपूरला मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता, तिथं दोनदा गेलो. एकदा साखरपुड्याला आणि एकदा तिथं विसरलेला डबा आणायला. (डबा स्टीलचा होता. भिलाईचा माणूस स्टीलच्या डब्यासाठी नागपूरला!)

याच धावपळीत एकदा रामटेक्यांच्या गेटचा खांब नेमका माझ्या मागं उभा होता. वंदना उतरली आणि कॅमेरा बसला असता ती जागा पदरानं पुसून आली. मग खांबाकडे पाहत राहिली. ते खांबापेक्षा जास्त लागलं.

मधूनमधून वर्कशॉपच्या बाई फोन करायच्या. "सर, एक साल हो गया, सर्व्हिस करा लीजिए।"

"मॅडम, अभी आठ हजार दो सौ हुआ है। मशीन को कैलेंडर पढ़ना नहीं आता!"

फोन ठेवून मी वंदनाला म्हणायचो, "बेसिकच माहीत नाही लोकायले."

चौदाव्या महिन्यात दहा हजार झाले. गाडी धुतली, वंदनाला शेजारी बसवलं आणि मिरवत वर्कशॉपला गेलो. सुपरवायझरनं कॉम्प्युटर पाहिला, मग मला पाहिलं.

"सर, पहली सर्व्हिस तो लैप्स हो गई। एक साल, ऊपर से महीना भर छूट। आप चौदहवें में आए हैं।"

"अरे, पर दस हजार तो आज हुआ!"

"जो पहले हो, सर। तीन बार फोन भी किया था।"

वंदनानं स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली आणि भरल्या वर्कशॉपात मोठ्यानं वाचलं, "कस्टमर बोले, मशीन को कैलेंडर पढ़ना नहीं आता."

मग शांतपणे माझ्याकडे वळली. "मशीनले नाही येत, मानलं. तुमाले तर येते ना?"

सुपरवायझर सभ्य माणूस. टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

परतीला निघालो. पावर हाउसच्या गर्दीत थांबलो, तेवढ्यात मागचं दार उघडलं. दोन पिशव्या आत आल्या, त्यांच्यामागून एक बाई.

"भैया, दुर्ग स्टेशन।"

"बहनजी, ये टॅक्सी नहीं..."

"बैठिए, बैठिए," वंदना मागं वळून म्हणाली. "इनको चलाने का बहुत शौक है।"

सोडलं दुर्गला! काय करणार? उतरताना बाईंनी सीटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गाड़ी बढ़िया मेन्टेन करके रखे हो, भैया।"

बत्तीस वर्षांत एकाही साहेबानं असं म्हटलं नव्हतं. मी उतरून त्यांच्या दोन्ही पिशव्या थेट फलाटापर्यंत नेऊन दिल्या!