पाणघोड्यावरच्या दातांच्या खुणा

ती केस मी विसरले नाही, याचं कारण साधं आहे. तिचा सगळा मुद्देमाल माझ्या तळहातावर मावत होता.

मी नाशिक रोड पोलीस ठाण्यात नेमणुकीस होते. दिवाळी नुकतीच संपली होती. एक गृहस्थ ठाण्यात आले. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, घरात एकटेच. त्यांनी माझ्या टेबलावर रुमाल उलगडला. आत बोटभर उंचीचे पाच प्लास्टिकचे प्राणी होते.

"मॅडम, हे माझे नाहीत. माझे कोणीतरी काढून घेतले आणि हे ठेवले."

आमच्या हवालदारांना राहवलं नाही. "म्हणजे चोराने चोरी करून भरपाईपण दिली?"

"हसू नका हो. लहानपणापासून जपलेत."

मी ते प्राणी लगेच ओळखले. आमच्या लहानपणी टूथपेस्टच्या खोक्यात असा एकेक निघायचा. नळी वडिलांकडे जायची, प्राणी आमच्याकडे. कुठला निघतोय यावरून मोरीपाशी भांडणं व्हायची. दात घासा म्हणून आम्हाला कधी ओरडावं लागलं नाही; नळी संपवायचीच घाई असायची.

गृहस्थांनी मला भिंग दिलं आणि प्राण्याच्या पायाखाली बघायला सांगितलं. तिथे बारीक अक्षरांत परवान्याची नोंद होती. त्यांनी समजावलं, ही प्राण्यांची पात्रं परदेशातल्या एका कंपनीच्या मालकीची. इथल्या टूथपेस्टवाल्यांनी ती काढायचा परवाना काही वर्षांपुरता घेतला होता. मुदत संपली, साचे मोडले, म्हणून जुने प्राणी दुर्मिळ झाले. आता दुसऱ्याच कंपनीने नवा परवाना घेऊन तेच प्राणी पुन्हा बाजारात आणले होते.

"म्हणजे हे नकली नाहीत?" मी विचारलं.

"नकली नाहीत. पण असलीही नाहीत."

हवालदारांनी कपाळाला हात लावला.

"संशय कोणावर?"

"स्वयंपाकाच्या बाईंवर. दुसरं कोण येतं घरी? कोणी नाही."

मी गुन्हा लगेच दाखल केला नाही. अर्ज ठेवून घेतला आणि चौकशी सुरू केली. पण ठाण्यात येण्याआधीच त्यांनी जिन्यात उभं राहून त्या बाईंना चोर म्हटलं होतं. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या बाकीच्या घरांनीही त्यांना निरोप दिला, उद्यापासून येऊ नका. पेठ तालुक्याकडच्या बाई, मुलगी कॉलेजात, आणि त्याच इमारतीतल्या स्वयंपाकावर घर चालणारं. त्यांचं एवढं गेलं, तेव्हा आमचा कागदसुद्धा भरून झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावलं, महिला शिपाई शेजारी बसवून विचारपूस केली. खोटं बोलणारा माणूस जास्त समजावून सांगतो, असा माझा अनुभव आहे. या बाई काही समजावत नव्हत्या. चिडल्या होत्या.

"मी त्या कपाटाला हात लावत नाय. साहेब पुसूबी देत नाय. धूळ त्यांचीच, अन् चोर मी?"

तेवढ्यात इमारतीतल्या एका शेजारणीचा फोन आला. बाईंच्या पिशवीत तिने प्लास्टिकचे प्राणी पाहिले होते म्हणे. बाईंनी पिशवी स्वतःच टेबलावर उलटी केली. भाजी, डबा, आणि जत्रेत मिळतात तसले पातळ हत्ती-घोडे, भाच्यासाठी घेतलेले. मी एकेकाचे पाय तपासले. कुठेही अक्षर नव्हतं.

"भेटला का साहेबांचा वाघ?" बाई म्हणाल्या.

"नाही भेटला. दिवाळीत कामाला होतात?"

"होते की. एकट्या माणसाचा कितीसा फराळ? भाऊबीजेला तेवढा दोघांचा स्वयंपाक केला."

"दुसरं कोण?"

"साहेबांची बहीण. नांदगावच्या ताई. मला साडी देऊन गेल्या."

मी गृहस्थांना पुन्हा बोलावलं. "घरी कोणी आलं नव्हतं म्हणालात."

"नव्हतंच."

"आणि बहीण?"

"बहिणीला काय 'कोणी' म्हणतात मॅडम? ती घरचीच."

मी अर्ज परत वाचला. एक गोष्ट मला आधीच खटकत होती. त्यांच्या संग्रहात सगळ्यात मोलाचा होता जांभळा कांगारू, आणि तो जागेवरच होता.

"या पाचांची किंमत किती?"

"तशी कमीच. खराब होते ना. पाणघोड्याचा तर कान चावलेला. पाचांवरही दातांच्या खुणा."

"कोणाच्या दातांच्या?"

ते म्हणाले, "तिच्या. लहान होती. माझ्या हातातून ओढून तोंडात घालायची."

बहिणीला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती रेल्वेने आली. आढेवेढे न घेता तिने पर्समधून चष्म्याचं घर काढलं. आत पाचही प्राणी होते.

"दादा, दर भाऊबीजेला मागते. दर वेळी म्हणतोस, सेट फुटेल. म्हणून फुटू दिला नाही. नवे मागवले आणि त्यांच्या जागी नीट लावून ठेवले. परवान्याचेच आहेत, पायाखाली वाच."

"अगं, पण परवाना वेगळा आहे!"

"आणि दात कोणाचे आहेत? लग्नात मला भांडी दिली, सोनं दिलं. खेळणी कोणी मुलीला देतं का? ती मुलाच्या कपाटात राहतात."

मी दोघांना थांबवलं. "तुमचं तुम्ही घरी बघा. तुमच्यापायी एका बाईची कामं गेली आहेत."

हे बहिणीला माहीतच नव्हतं. तिचा चेहरा उतरला. "त्यांच्या हातचं जेवले मी, आणि चोर त्या?"

गृहस्थांनी अर्ज मागे घेतला. बाईंनाही मी बोलावून घेतलं होतं; त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. ते समोर जाऊन हात जोडून म्हणाले, "मावशी, चुकलं माझं."

"इथं कोण ऐकतंय? जिथं चोर म्हणालात, तिथं बोला."

मी हवालदारांना घेऊन सोबत गेले. कायद्यात हे कुठे बसत नव्हतं, पण मला ते काम अर्धवट सोडायचं नव्हतं. जिन्यात उभं राहून ते म्हणाले, "मावशींनी काही घेतलं नव्हतं. मी चुकलो." आवाज अगदी बारीक.

"परवा तर खालपर्यंत ऐकू आलं होतं," बाई म्हणाल्या.

ते पुन्हा बोलले, या वेळी मोठ्याने. एकेक दार उघडलं. शेजारीण दारातूनच म्हणाली, "मावशी, उद्यापासून या बरं का." बाईंनी बाकीची घरं पुन्हा धरली. गृहस्थांचं मात्र नाही.

या केसनंतर मी एक सवय लावून घेतली. घरी कोण आलं होतं, एवढ्यावर मी कधी थांबले नाही. कोण जेवून गेलं, हेही विचारायचे. पहिल्या प्रश्नाला लोक परक्यांची नावं सांगतात. दुसऱ्याला घर उलगडतं. आणि अर्ज ठाण्यात पोहोचायच्या आत जिन्यात निकाल लागलेला असतो, हेही मी तिथेच शिकले. नव्या अधिकाऱ्यांना मी दोन्ही सांगत असे.

पुढे एकदा ते गृहस्थ भाजीबाजारात भेटले. हातात मेथीची जुडी होती. जुने पाच प्राणी चष्म्याच्या घरातून नांदगावला गेले होते, नवे कपाटात होते.

"सेट पुरा आहे मॅडम," ते म्हणाले. "पोळ्या मात्र अजून गोल येत नाहीत."