जावेचा कंप्युटर आमच्या गाडीत

आमची पिकअप आणि धाकट्या जावेची पिकअप एकाच वर्षी आल्या. वाटणी झाल्यावर दोघा भावांनी सोबतच घेतल्या, कंपनी एक, रंगही एक. आता दोन्ही जुन्या झाल्या आहेत. फरक एवढाच की आमची रस्त्यात बंद पडते आणि तिची पडत नाही. माझा नवरा याला नशीब म्हणतो. नशीब वगैरे काही नाही. ती गाडीची निगा राखते, आणि मला खुपतं ते हेच.

ती स्वतः गाडी चालवते. माझा दीर वर्ध्याला कारकून आहे, सकाळी बसने जातो आणि संध्याकाळी परततो, त्यामुळे शेतही तिच्या हातात आणि गाडीही. वडनेरहून हिंगणघाटच्या भाजी मार्केटला ती एकटी जाते. मला गाडी येत नाही. कोणी शिकू नको म्हटलं नव्हतं, मीच शिकले नाही. पण ती स्टिअरिंगवर बसून रिव्हर्स घ्यायला लागली की बाया हातातलं काम थांबवून बघतात. मी एवढी वर्षं अडत्याशी भांडून मालाला भाव मिळवते, ते कोणी थांबून बघितलं नाही.

आमच्याकडे एकच गोष्ट तिच्यापेक्षा जास्त होती, ती म्हणजे लाइन. शेजारपाजारच्या घरांची वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हे सगळं आमच्या गाडीतून मार्केटला जायचं. आमचं घर रस्त्यावर, तिचं आत गल्लीत, म्हणून वाटणीच्या वेळीच ठरलं होतं की बायांचे कॅरेट मोठीच्या गाडीत जातील आणि धाकटी फक्त आपला माल नेईल. लिहून कोणी ठेवलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं. त्या भाड्यावर आमची गाडी चालायची. लाइन गेली तर गाडी दारात ठेवायला परवडणार नव्हती.

दसऱ्याला गाड्या धुवून देवळासमोर रांगेने लावतात, हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. मागच्या साली कोणीतरी म्हणालं होतं की धाकटीची गाडी अजून नवीन दिसते. ते माझ्या नवऱ्याने मनात ठेवलं होतं. या वेळी त्याने विहिरीची मोटर लावली, बोनेट उघडलं आणि पाइपच्या धारेने इंजिन धुतलं, अगदी कोपऱ्याकोपऱ्यातून. इंजिन चकाकलं खरं. धाकटीने आपली गाडी ओल्या फडक्याने पुसली. रांगेत दोन्ही शेजारी उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी आमची जास्त देखणी दिसली. मला बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात आमची गाडी मरायला लागली. गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. मग थंड असतानाही बंद. हिंगणघाटचा मेकॅनिक बोलका माणूस, प्रत्येक वेळी त्याची खात्री पक्की. आधी फिल्टर बदलला, मग एक सेन्सर, मग वायरिंगचा अर्धा गुंता. शेवटी त्याने बॅटरीच्या बाजूचा, पत्र्याच्या आडचा डबा उघडला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. हा गाडीचा कंप्युटर, इंजिनला डिझेल कधी आणि किती द्यायचं ते हाच ठरवतो, आणि याच्यात पाणी गेलं आहे, असं त्याने सांगितलं. नवऱ्याने त्याला दसऱ्याचं काही सांगितलं नाही. मीही नाही.

जुना चांगला कंप्युटर नागपूरहून मागवावा लागणार होता. पण मागवण्याआधी, दोष खरंच याच्यातच आहे ना, ते पाहायला तसाच दुसरा लावून बघायला हवा होता. तशीच गाडी जवळपास कोणाकडे आहे, असं मेकॅनिकने आमच्या अंगणात उभं राहून विचारलं. नवरा माझ्याकडे बघायला लागला. दुसरीकडे कुठे मिळते का बघा, असं मी म्हणाले. माझं बोलणं संपायच्या आत गल्लीतून हॉर्न वाजला. तिला कोणीतरी सांगितलं होतं आणि ती गाडी घेऊनच आली होती.

तिने आमच्या गाडीला लागून आपली गाडी लावली, पान्हा घेतला आणि बॅटरीची तार आधी सोडवली. मेकॅनिकने तिची तारीफ केली. नवरा तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर, असल्याने तिच्याशी थेट बोलत नाही, तो मेकॅनिकलाच म्हणाला, "तिले समजते सारं." मी चहा गाळत होते. चाळीस वेळा पंक्चर काढायला याला मी टॉर्च धरला असेल, त्याबद्दल याने मेकॅनिकला कधी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

तिचा कंप्युटर आमच्या गाडीत बसवला तेव्हा गाडी सुरू होऊ नये असं मला वाटत होतं. माझंच नुकसान होतं, तरी वाटत होतं. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

पण आमची चावी फिरवताना तिची चावी तिला चिकटवून धरावी लागली होती. या गाड्यांच्या चावीत चिप असते, आणि कंप्युटर आपलीच चावी ओळखतो. नुसत्या आमच्या चावीने गाडी सुरू होईना. तिच्याकडे दुसरी चावी नव्हती, ती कधीच हरवली होती. तिने थोडा विचार केला आणि सांगितलं की नागपूरचा येईपर्यंत आपला कंप्युटर आमच्याच गाडीत राहू दे, तिचा माल सध्या थोडा आहे, तोही आमच्या गाडीत टाकू.

"पन चावी मी कोनाले देत नाई ताई," ती म्हणाली. "गाडी मीच चालवीन."

पिकअपला एकच सीट, दोघांपुरती. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याच्या शेजारी बसत नाही, एका बाजेवरही बसत नाही तर गाडीत कुठून बसणार. म्हणजे माझा नवरा केबिनमध्ये बसू शकत नव्हता. पहिल्या दिवशी त्याने हट्टाने मागे कॅरेटवर बसून प्रवास केला, डोक्याला मफलर गुंडाळून. कॅरेट ठेवायला आलेली शेजारीण म्हणाली, "काऊन जी भाऊ, आज तुमालेबी विकाले नेऊन राह्यले का?" दुसऱ्या दिवसापासून तो घरी थांबला आणि आम्ही दोघीच जाऊ लागलो.

ती चांगली चालवते. गतिरोधकाआधी गाडी हळू करते, त्यामुळे टमाटे फुटत नाहीत. नवरा गप्पा मारायला थांबतो, ती थांबत नाही. आम्ही इतक्या लवकर पोचायचो की टिनाच्या शेडखालची जागा मिळायची. सावलीत मेथी सुकत नाही, भाव टिकतो. बायांच्या हातात दोन पैसे जास्त पडायला लागले. विकत मीच होते, अडत्याशी घसा मीच कोरडा करत होते, पण परत आल्यावर बाया म्हणायच्या की धाकटीने नेलं तर माल चांगला जातो. आमची गाडी, आमचं डिझेल, आमची लाइन. मला तर असंही वाटायचं की तिच्या कंप्युटरवर आमचं इंजिन जास्त मऊ चालतं. मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, तसं काही नसते बाई.

नागपूरचा कंप्युटर आला. मेकॅनिकने आमच्या जुन्या डब्यातली माहिती त्यात उतरवली आणि आमच्या चावीशी जोडला. धाकटीने आपला काढून घेतला, कोरड्या फडक्याने पुसला आणि गेली. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी ती पुन्हा आली. आत न येता दारातच उभी राहिली.

"ताई, बाया म्हनून राह्यल्या का माल मीच नेऊ. मी कोनाले हो म्हनलं नाई. तुमी म्हनसान तसं."

तिने लाइन हिसकावून घेतली असती तर मी गावभर बोलले असते. दीरासमोर बोलले असते. पण ती विचारायला आली. माझ्या बोलण्याची जागाच तिने ठेवली नाही. मागे नवरा जेवत होता, त्याचा घास थांबलेला मला कळला. नवऱ्याला उशीर होतो हे मला माहीत होतं, शेडखालची जागा जाईल हेही माहीत होतं.

"लाइन आमची हाय," मी म्हणाले. "आमीच नेऊ."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. तोंडही वाकडं केलं नाही.

सकाळी बायांनी कॅरेट आमच्याच गाडीत ठेवले. या वेळी कोणी मस्करी केली नाही. नवऱ्याने गाडी सुरू केली, मग उतरून टायर बघितले, मग कोणाशी तरी फाट्यावर पाच मिनिटं बोलला. आम्ही हायवेला लागलो तेव्हा तिची गाडी बाजूने पुढे गेली. मागे तिचेच मोजके कॅरेट, ओल्या पोत्याने झाकलेले. तिने एकदा हॉर्न दिला. नवऱ्यानेही दिला. मी खिडकीतून शेताकडे बघत राहिले.

मार्केटला पोचलो तेव्हा शेड भरली होती. उन्हातली एक पट्टी शिल्लक होती, कचऱ्याच्या ढिगाशेजारी. मी उतरून जागा शोधत असताना तिची हाक आली. शेडखाली तिने आपला माल एका कडेला सरकवला होता आणि उरलेल्या जागेत पोतं अंथरून ठेवलं होतं, चांगलं लांबरुंद, आमच्या सगळ्या कॅरेटना पुरेल एवढं. शेजारचा भाजीवाला कुरकुरत होता की ही बाई सकाळपासून जागा अडवून बसली आहे.

"तुमच्यासाठी धरून ठेवली ताई," ती म्हणाली. "या इकडं."

त्या क्षणी मला ती जितकी नकोशी झाली तितकी आधी कधी झाली नव्हती. पण मेथी दुसऱ्यांची होती आणि ऊन वाढत होतं. मी नवऱ्याला गाडी मागे घ्यायला सांगितली आणि पहिला कॅरेट स्वतः उचलून तिच्या पोत्यावर ठेवला.