भाईंच्या कॅमेऱ्यावरचा काळा रंग

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. आणि आईला मी सगळं सांगते. दोनदा वहीत लिहायला घेतलं, दोन्ही वेळा पान फाडून टाकलं. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — हाही भित्रेपणाच, नाही का?

एका माणसाच्या कॅमेऱ्यावरचे ओरखडे मी रंगवले. ऐकायला किती साधं वाटतं. कुणी म्हणेल, चांगलंच केलंस की! तसं म्हणालेही लोक. तेच तर सांगायचंय.

मालवणच्या बाजारात भाईंचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. बाबा मासेमारी करतात, आई मासळी विकते. भाई आईचे जुने गिऱ्हाईक. तारकर्लीची एसटी येईपर्यंत मी स्टँडवर ताटकळत असायची, म्हणून ते म्हणाले, "बस गो हयसर, पंख्याखाली." बसता बसता त्यांनी मला कॅमेरा शिकवला. फिल्म कशी भरायची, तिचं टोक खाचेत अडकलंय की नाही ते बोटाने कसं चाचपायचं. इतकी नाजूक वस्तू त्याआधी माझ्या हातात कुणी दिली नव्हती.

कॅमेरा जुना होता. कडांचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसायचं. अंगठा टेकायचा तिथे तर पार पिवळं. भाईंना प्रत्येक ओरखडा पाठ होता — हा फोंड्याच्या घाटात एसटीने ब्रेक मारला तेव्हाचा, हा मुलीच्या बारशाचा. मी हसायची. कॅमेऱ्याच्या जखमा काय सांगत बसायच्या, असं वाटायचं मला.

कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मला रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, फोटो हवे होते. भाईंनी दोन दिवसांसाठी कॅमेरा दिला. एकच गोष्ट बजावली, "पाण्याकडे नेव नको हां चेडवा. लांबसून काढ. खारा पाणी ह्येचो दुश्मन."

मी लांबूनच काढत होते. खरंच. पण रापण ओढताना किनाऱ्यावर कुणी रिकाम्या हाताने उभं राहत नाही — पोर असो, म्हातारा असो, दोरीला हात लावायचा आणि वाटा घ्यायचा. शेजारचे बाबलकाका ओरडले, "गो कॉलेजवाले! फोटो काय रापण वडतलो? हात खंय ठेवलंस?" सगळे हसले. मला लाज वाटली. कॉलेजात गेली आणि शहाणी झाली, असं कुणी म्हणू नये म्हणून मी कॅमेरा होडीच्या काठावर ठेवला आणि दोरी धरली.

कोणाचा तरी धक्का लागला. कॅमेरा खाली नांगरावर आपटला, वाळूत पडला, आणि मी पोहोचण्याआधी एक लाट त्याच्यावरून गेली. लहानशीच लाट.

ओढणीने पुसला. बटण दाबलं — आवाज आला. म्हणजे ठीक असणार! असं मी स्वतःला सांगितलं. पण एका कोपऱ्यावर खोल, ताजा, चकचकीत ओरखडा होता. जुन्या पिवळ्या ओरखड्यांत तो एकटाच ओरडत होता.

आता नीट ऐका, कारण मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आमच्या होडीचं मशीन खाऱ्या पाण्यात भिजलं तर बाबा त्याच दिवशी ते गोड्या पाण्याने धुतात, उघडतात, तेल घालतात. जेवायलाही थांबत नाहीत. मीठ आत राहिलं की लोखंडाचं काय होतं, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले होते. त्याच संध्याकाळी भाईंकडे गेले असते तर? रागावले असते. कॅमेरा उघडला असता. वाचलाही असता कदाचित.

मी रंग शोधला.

होडीवर नंबर घालायचा काळा रंग पडवीत होता. माडाच्या हिराच्या काडीला कापूस गुंडाळून मी तो कोपरा रंगवला. पण तो एकच कोपरा काळाकुळकुळीत दिसू लागला — लगेच कळलं असतं. मग शेजारची कड रंगवली. मग त्याच्या शेजारची. मग सगळ्याच. घाटातला ओरखडा, बारशाचा ओरखडा, अंगठ्याची जागा. कोंबड्या येऊ नयेत म्हणून वर मासळीची टोपली पालथी घालून वाळवला.

सोमवारी भाईंच्या हातात दिला तेव्हा ते बघतच राहिले. अंगठा त्या जागेवर नेला, थांबवला. "ह्या तू केलंस?" मी मान हलवली. वाटलं, आता विचारतील. पण त्यांचे डोळे भरून आले होते. समोरच्या शिंप्याला हाक मारून म्हणाले, "बघ रे, चेडवान माजो कॅमेरो नवो केल्यान!" त्या आठवड्यात जो येईल त्याला दाखवला. आणि मी? मी शेजारी उभी राहून हसत होते. चहाही घेतला.

दीड महिन्याने कट्टा गावात एक लग्न होतं. आदल्या दिवशीच्या हळदीचे फोटो छान आले. अक्षता पडतानाचा रोल धुऊन आला तो कोरा. एकही फोटो नाही. नवरीचे वडील दुकानात आले तेव्हा मी तिथेच होते. "दिसणा नाय तर दुकान कित्याक उघडतास, भाई?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले. भाईंनी कोरी फिल्म उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "फिल्म पकडूकच नाय वाटता. माजाच चुकला."

ते चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि ट्यूबलाइटकडे धरून बटण दाबलं. आवाज आला. पण फिल्मवर उजेड सोडणारा आतला पडदा उघडलाच नाही, मिठाने धरला होता. पुन्हा दाबलं. पुन्हा. पंधरावीस वेळा — आणि पडदा सुटला. उघडायला लागला. मी कॅमेरा जागेवर ठेवला.

भाई आले, त्यांनीही तेच केलं. झाकण उघडलं, बटण दाबलं. उजेड दिसला. दर वेळी दिसला. "कॅमेरो बरो आसा," ते हळूच म्हणाले, आणि स्वतःच्या बोटांकडे बघत बसले.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. एसटीची वेळ झाली, असं म्हणून मी उठले.

भाईंनी लग्नाची कामं बंद केली. तो कॅमेरा कपाटात ठेवला. पासपोर्ट फोटोंपुरता दुसरा लहान कॅमेरा वापरू लागले. कुणी लग्नाचं विचारलं तर हसून म्हणायचे, "आता माजी भूल पडता." पुढची दोन वर्षं, मी कॉलेज संपवेपर्यंत, त्यांनी एकही रोल मला दाखवल्याशिवाय वापरला नाही. चाळीस वर्षं फिल्म भरलेला माणूस उघडा कॅमेरा माझ्यापुढे धरायचा आणि विचारायचा, "बसली मा गो नीट? बघ जरा."

भाई आता नाहीत. जाईपर्यंत ते तसंच मानत राहिले.

मी दर वेळी वाकून बघायची. टोक खाचेत बरोबर अडकलेलं असायचं. एकदाही चुकलेलं नव्हतं. मी म्हणायची, "बरोबर आसा, भाई." आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा.