डोळे मिटणाऱ्याची रायफल

मुलाचा फोन रविवारी सकाळी येतो. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. कॅनडाच्या पार उत्तरेला, नकाशात गावांची नावं विरळ होत जातात तिथे एका खाणीवर तो नोकरीला आहे. जेवलीस काय, प्रेशरची गोळी घेतलीस काय आणि पाऊस काय म्हणतो, हे त्याचे तीन प्रश्न. अकरा वर्षांत मला त्यांची उत्तरं इतकी पाठ झाली आहेत, की कधी कधी प्रश्नाच्या आधीच उत्तर देऊन बसते. मग दोघेही गप्प होतो आणि ‘बरं, ठेवतो’ म्हणून तो ठेवतो. त्यानंतर सोमवार ते शनिवार घरात माझ्याशी बोलणारा एक कुकर.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी त्याने चौथा प्रश्न विचारला. ‘आई, ग्रिझली अस्वलासाठी कुठली रायफल घेऊ गो?’

मी गॅस बंद करून खुर्चीवर बसले. खोटं कशाला बोलू, आधी काळजी वाटली नाही, आनंदच झाला. दुकान बंद झाल्यापासून चार वर्षांत मला बंदुकीबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं.

रत्नागिरीच्या बाजारपेठेत तीस वर्षं आमचं बंदुका-काडतुसांचं दुकान होतं. परवाना ह्यांच्या नावावर. हे आत बसून बंदुकांची दुरुस्ती करायचे आणि काउंटरवर मी. लांजा, संगमेश्वराकडचे शेतकरी शेतीसंरक्षणाचा परवाना पिशवीत घालून यायचे. ‘वैनी, माकडांनी पार वाट लावलानी, चार काडतुसा द्या.’ मी परवाना बघून माकडांना भिववायला बारीक छऱ्याची द्यायची आणि डुकराचा त्रास असेल तर जाड छऱ्याची. निवडणुका आल्या की सगळ्यांना बंदुका पोलीस चौकीत जमा कराव्या लागत. तेव्हा तेच शेतकरी नुसते गप्पा मारायला यायचे. ‘आता महिनाभर माकडांचं राज्य,’ म्हणायचे. हे गेले, परवाना परत केला, उरलेला माल जमा केला आणि गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने दिला. मला जे येत होतं त्याचा कोणाला उपयोग उरला नाही. निवृत्त मास्तरणीला निदान शेजारची पोरं शिकवता येतात. काडतुसं ओळखणाऱ्या बाईने काय करावं?

‘अस्वलाने तुझं काय घोडं मारलंय?’ मी विचारलं.

तो हसला नाही. कामावरचे पाचसहा जण दर वर्षी थंडीच्या तोंडावर शिकारीला जातात, म्हणाला. यंदा त्यांना अस्वलाचा परवाना मिळालाय आणि त्यांनी ह्याला ‘येतोस का’ म्हणून विचारलंय. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ‘ते वाईट नाहीत गो. डबा खाताना शेजारी बसतात. पण...’ त्याने वाक्य सोडून दिलं. मला ते पुरं करता आलं, कारण शेजारी माणूस बसलेलं असून एकटं असणं मला नवं नाही. नाही म्हटलं तर परत कोणी विचारणार नव्हतं, एवढं कळलं. तीनशे पंच्याहत्तरची मोठी मॅग्नम रायफल घे, असं एकाने त्याला सांगितलं होतं. ती हातात असली की कोणी हसणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

‘आठ दिवस दे मला,’ मी म्हटलं, अगदी दुकानातल्या आवाजात.

त्या आठवड्यात मी माळ्यावरून ह्यांची पत्र्याची ट्रंक काढली. इंग्रजी पुस्तकं, पिवळी पडलेली माहितीपत्रकं, सगळं पलंगावर मांडलं. उरलेलं फोनवर शोधलं. मासे विकणारी दारात दोनदा हाका मारून गेली, मला पत्ता नाही. आमच्या दुकानात छऱ्याच्या बाराबोर बंदुका जास्त, रायफल क्वचित, तीही तीनशे पंधराची. त्यामुळे इतक्या मोठ्या जनावराचा हिशेब मला नवा होता. पण रानडुकराच्या खांद्यावर जाड कातड्याची ढाल असते आणि छरे तिच्यातच अडकून बसतात, हे मी तीस वर्षं ऐकलेलं. अस्वल म्हणजे तेच, चौपट. केस, चरबी, मांस आणि त्यामागे खांद्याचं हाड. हलकी, वेगाची गोळी त्या हाडावर फुटून बाहेरच राहते. आत काळजापर्यंत जायला गोळी जड हवी आणि चिवट हवी, अंगाने फुलणारी पण तुकडे न होणारी. तीनशे पंच्याहत्तर या कामाला उत्तम. पण थर्टी-ओ-सिक्स या धाकट्या रायफलमध्येही दोनशे ग्रेन वजनाची, म्हणजे तेराएक ग्रॅमची चिवट गोळी मिळते, आणि ती जवळून, शांतपणे, बरोबर जागी मारली तर पुरते. फरक खांद्याला बसणाऱ्या धक्क्यात. मोठीचा धक्का धाकटीच्या जवळजवळ दुप्पट.

हे सगळं मी वहीत लिहून काढलं. पुढच्या रविवारी त्याला वाचून दाखवलं, तेव्हा तो अर्धा तास बोलला. अर्धा तास! पाऊस काय म्हणतो हे विचारायचं विसरला. शेवटी मी हाताचं माप मागितलं. हे गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय बंदूक दाखवत नसत. हात काटकोनात वाकवायचा आणि कोपराच्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत टेप लावायची. बंदुकीचा खांद्याला टेकणारा दस्ता तेवढा हवा. त्याने टेप लावलेल्या हाताचा फोटो पाठवला. साडेचौदा इंच. बरोबर ह्यांचं माप. त्या फोटोतलं मनगट मी बोटांनी मोठं करून किती वेळ बघत होते. हात लावून बघण्यासारखं माणूस साडेबारा तास मागे राहतं, याचा त्या दिवशी मला फार राग आला.

आता खरी गोष्ट सांगायची राहिली होती. ती मला पहिल्या रविवारपासून माहीत होती.

गावाबाहेर कातळाच्या सड्यावर आमची काजूची थोडी जागा आहे. बंदुकीची चाचणी हे तिथे करायचे. नव्या गिऱ्हाइकासाठी त्यांची एक परीक्षा असे. दोनतीन बार झाले की गुपचूप एक रिकामं काडतूस भरून बंदूक माणसाच्या हातात द्यायची. त्याला वाटतं भरलेली आहे. तो चाप ओढतो, बार होत नाही, नुसतं टक् होतं. पण ज्याला आवाजाची नि धक्क्याची भीती असते, त्याची नळी तरीही खाली झुकते आणि डोळे मिटतात. हे नळीकडे नाही, डोळ्यांकडे बघायचे. ‘डोळे मिटणाऱ्याला मोठी बंदूक देऊ नये,’ हे त्यांचं म्हणणं. नेम चुकला की लोक बंदुकीला नावं ठेवतात, नाचता येईना अंगण वाकडं. अशाला ते लहान धक्क्याची बंदूक द्यायचे आणि सवयीने भीती मोडायला सांगायचे.

गिऱ्हाइकाला सांगताना ते गोड बोलत. मुलाला सांगताना नाही बोलले. तो सोळा वर्षांचा होता. सड्यावर चार गिऱ्हाइकं होती, मी नेहमीसारखी थर्मासातून चहा ओतत होते. बार चालू असले की माझी चहाची, कपांची कामं निघत. टक् झालं, पाठोपाठ हसणं ऐकू आलं, तेव्हा मी मागे वळले. मुलगा बंदूक धरून तसाच उभा होता. ‘ह्याच्या हातात काठीच बरी,’ हे म्हणाले. ‘आमच्या घराण्यात कोणाचे डोळे मिटत नाहीत. हा कुठून आला कोण जाणे.’ माणसं पुन्हा हसली. मी मूग गिळून चहा वाटला. चार कप, पाचवा ह्यांना. मुलाला द्यायचा राहिलाच.

त्यानंतर त्याने बंदुकीला हात लावला नाही, आणि शिकून झाल्यावर जो गेला तो जमेल तितका लांब गेला. हे गेले तेव्हा तेरा दिवसांसाठी आला होता. काउंटरच्या बाहेरच उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही त्याने.

तर आता मी काय करायचं? घे बाबा मोठी म्हणावं, तर डोळे मिटून मारलेली मोठी गोळी अस्वलाला भलत्या जागी लागणार आणि जखमी जनावर अंगावर येणार. जखमी डुक्कर मागे फिरलं की काय होतं, ते मी काउंटरच्या पलीकडच्या टाके घातलेल्या मांड्यांवर पाहिलेलं होतं. आणि खरं सांगावं तर माझा अर्धा तास जाणार होता. हो, तोही विचार मी केला. आई आहे म्हणून माणूस काही संत होत नाही.

तिसऱ्या रविवारी सांगितलं. ‘थर्टी-ओ-सिक्स घे. मोठी नको. तुझे डोळे मिटतात. आणि भरायला दुसऱ्याला दे, त्याला मधेच रिकामी काडतुसं घालू दे, म्हणजे तुझं तुला कळेल. भीती जाते त्याने.’

मग तो म्हणाला, ‘बाबा गेले असं मला उगीचच वाटत होतं,’ आणि फोन बंद झाला.

पुढचे तीन रविवार फोन आला नाही. मी सकाळी दूध तापवून फोनसमोर बसायची, साय धरेपर्यंत. खाली आमच्या गाळ्यात मोबाइलवाल्याकडे दिवसभर फोन वाजायचे, वेगवेगळी गाणी लावून, आणि प्रत्येक वेळी माझा हात टेबलाकडे जायचा. एकदा संध्याकाळी भाट्याच्या पुलापर्यंत चालत गेले. पुलावर उभं राहून खाडीकडे बघत मोठ्याने म्हटलं, ‘तुझ्या बापासारखं नव्हतं रे बोलायचं मला.’ शेजारच्या गरी टाकून बसलेल्या माणसाने वर पाहिलं. मी घरी आले. त्या रात्री जेवले नाही, कारण स्वतःपुरता भात लावायचाही मला कंटाळा आला होता.

चौथ्या रविवारी व्हिडिओ कॉल आला. मी दोन्ही हातांनी फोन धरला.

तो उघड्यावर होता. मागे बुटकी काळी झाडं आणि संध्याकाळ असूनही लख्ख ऊन. हातात रायफल. ‘थर्टी-ओ-सिक्स,’ तो म्हणाला.

‘हसले काय कोण?’

‘एक जण हसला. दुसरा म्हणाला, माझीपण तीच आहे, वीस वर्षं.’ मग फोन तोंडाजवळ आणून, ‘आई, तोच इथे माझ्यासाठी भरतोय. मधेच रिकामं घालतोय. मी बघत नाहीये. पण माझे डोळे मला कसे दिसणार? ह्याला काय बघायचं ते कळत नाही, हा टारगेट बघतो. तू बघ.’

त्याने फोन कशाला तरी टेकवून ठेवला. मीही माझा फोन पोह्यांच्या डब्याला टेकवला. समोर त्याचा चेहरा, गाल दस्त्यावर दाबलेला. कानापाशी केस पांढरे झालेत, हे मला तेव्हा दिसलं. एक अनोळखी हात मधे आला, काडतूस भरून मागे गेला.

पहिला बार झाला. फोनमधून तो दिवाळीतल्या टिकलीइतकाच वाजला, पण चित्र हललं आणि मला नीट दिसलं नाही. असं मी स्वतःला सांगितलं. हात पुन्हा मधे आला, पुन्हा गेला. त्याने श्वास सोडला, बोट चापावर गेलं. मी त्याच्या डोळ्यांवरून नजर हलवायची नाही असं ठरवलं.

टक्.

आणि मला काळोख दिसत होता. मी डोळे उघडले तेव्हा तो रायफल खाली करून फोनकडे बघत होता. ‘मिटले काय गो?’

बार झालाच नव्हता. रिकामं काडतूस, हजारो मैलांवर, आणि माझे डोळे गच्च मिटले होते. तीस वर्षं मी काडतुसं मोजून दिली, पण एक बार कधी काढला नाही. माझ्या हातात कोणी बंदूक दिली नाही, मीही मागितली नाही. ह्यांनी सगळ्या जिल्ह्याचे डोळे तपासले. मी पाठ करून चहा ओतत राहिले, म्हणून माझे तपासायचे राहून गेले. हा कुठून आला कोण जाणे म्हणाले होते. तेव्हा चार पावलांवर उभी होते मी.

काउंटरवर मी कधी खोटं बोलले नाही. ‘माझे मिटले,’ मी म्हटलं. ‘तुझे बघायचे राहिले.’

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याचा चेहरा सोळा वर्षांच्या मुलासारखा सैल झाला. ‘तुझेपण?’

‘माझेच. तुझ्याकडे माझ्याकडून आलेत ते. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मला ठाऊकच नव्हतं.’

त्याने बाहीने नाक पुसलं. ‘परत मारू?’

मी चष्मा कपाळावर सरकवला, फोनजवळ वाकले, दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या वर धरून ठेवल्या आणि म्हटलं, ‘मार.’