फॅनाला घातलेली माळ

आबांना वास येत नव्हता. जेवणाचा डबा उघडला की आधी माझ्या नाकाशी धरायचे. "बाय, सांग गे, हुमणाक वास कसो येता?" माशांच्या त्या आमटीचा वास घेऊन मी "घमघमतंय आबा!" म्हटलं, की मगच पहिला घास.

डिचोलीच्या एका हॉटेलात तळमजल्यावर पोहण्याचा लहानसा बंदिस्त तलाव होता. मी काउंटरवर बसायचे आणि पाणी आबा सांभाळायचे. इब्रामपूरहून पहिल्या बसने येत, बाटलीत तलावाचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकत. पिवळा रंग फिका आला की क्लोरीनची पावडर, लाल गडद झाला की ॲसिड. ही दोन्ही एकमेकांना लागली तर विषारी वायू होतो, म्हणून पंपाच्या खोलीत त्यांचे कोपरे वेगळे. "ह्यो दोगी सवती," आबा म्हणत. "एका घरात रवतत, पण एका चुलीर न्हय."

त्या औषधांनीच वर्षानुवर्षं त्यांचं नाक खाल्लं. खोलीतल्या एक्झॉस्ट फॅनकडे बोट दाखवून म्हणायचे, "माझां नाक तां थंय भिंतीर. फिरता तोपर्यंत भियाचां कारण नाय."

न राहवून मी हॉटेलच्या साहेबांना सांगितलं, की आबांना वास येत नाही. साहेब हसले. "बरंच की! त्यांना त्रास नाही व्हायचा." मेल्याला काय म्हणावं! काम जाईल या भीतीने आबा मात्र माझ्यावरच रुसले. कितीतरी दिवस माझ्यासमोर डबा उघडला नाही.

खंडेनवमीला अवजारं स्वस्थ ठेवून पुजायची, ही आमची रीत. आबा बादल्या, जाळी, पंप सगळं धुऊन हळद-कुंकू लावत. त्या वर्षी त्यांनी फॅनही बंद केला आणि पात्यांना झेंडूची माळ बांधली. "वर्सभर राबता बापडो. एक दीस विसव घेवंदी."

रात्री ॲसिडचा कॅन गळला, ओघळ पावडरीपर्यंत गेला. सकाळी आबा खोली उघडून आत गेले आणि तो उग्र वास थेट काउंटरवर आला. माझे डोळे चरचरले. मी किंचाळले, "आबा, भायर या! वायू झालाय!"

आतून खोकत उत्तर आलं, "येतंय गे. फॅनाची माळ तेवढी काडतंय, मगे चालू करतंय."

पूजेची माळ तोडायची कशी? ते गाठ सोडवत राहिले. हॉटेलातल्या पोरांनी तोंडाला ओले टॉवेल बांधून त्यांना ओढून काढलं, म्हापशाला इस्पितळात नेलं. संध्याकाळी आबा गेले. फार तडफडून गेले.

माझ्या घरी अजून खंडेनवमीला विळी, शिलाई मशीन, सगळ्याला फूल वाहते. स्वयंपाकघरातला फॅन तेवढा राहतो. सासूबाई दरवर्षी टोकतात, "त्याला गे का नाही?"

मी म्हणते, "त्याला फिरूं दी."